आषाढातला खोडरबर

त्याला एके काळी आठ कोपरे होते, हे आता सांगून पटायचं नाही. नवा होता तेव्हा पांढराशुभ्र, कडांवरून बोट फिरवलं तर कापेल की काय असं वाटावं, आणि अंगात कागदाचा पट्ट्यापट्ट्यांचा सदरा. लेक आठवीत असताना एलिमेंटरीच्या परीक्षेसाठी इगतपुरीच्या बाजारातून आणलेला. आज त्याचा नदीतला गोटा झालाय. एक खांदा उतरलेला, पोट सुटलेलं, पोटाचा रंग पाटीसारखा. पाठीवर कर्कटकाचं टोक खुपसून पाडलेली सात भोकं. शाळेतल्या कुठल्या तरी कंटाळवाण्या तासाची ती नोंद. एका कुशीवर लेकीनं निळ्या पेनानं आपलं नाव घातलं होतं. त्यातला एक काना तेवढा उरलाय.

मला तो वारशात मिळाला, तोही उलट्या. एलिमेंटरीत लेकीला बी ग्रेड मिळाली, तिनं कंपासपेटी माळ्यावर टाकली आणि ती सुटली. मीच ती पेटी खाली काढली, टाचण्या ठेवायला म्हणून. उघडली तर हा आत प्लास्टिकच्या पट्टीला टेकून पडलेला. उचलायला गेले, तर पट्टीच त्याच्याबरोबर वर आली. ओढून दोघांना वेगळं केलं तेव्हा पट्टीचे सातपासून नऊपर्यंतचे आकडे त्याच्या बरगडीवर उलटे उमटले होते आणि पट्टीला तेवढ्या जागी खड्डा पडला होता. मागाहून कळलं की खोडरबराचा कागदी सदरा शोभेसाठी नसतोच. हे पांढरे खोडरबर व्हिनिलचे, म्हणजे एका जातीचं प्लास्टिकच. ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं द्रव्य कालवलेलं असतं. अंगावर कागद नसला की ते शेजारच्या प्लास्टिकमध्ये झिरपतं आणि त्यालाही मऊ करतं. असे एक काका आमच्या नात्यातही होते. बोलायला लोणी, आणि ज्याच्या घरी महिनाभर राहतील त्या घराला खड्डा.

मी मुद्रितशोधक आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरते. पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांची प्रुफं माझ्याकडे येतात आणि मी पहिल्या वेलांटीची दुसरी, दुसरीची पहिली करत बसते. या धंद्यात चूक सापडली नाही तर झोप लागत नाही, आणि सापडली तर ती आधीच्या वाचनात कशी निसटली या विचारानं लागत नाही. घरातले म्हणतात, हिला सगळं चोख लागतं. अनेक वर्षं मी ते कौतुक समजत होते. मग एका मानसशास्त्राच्या पुस्तकाची प्रुफं आली. त्यात पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट या दोघांनी १९९१ साली परफेक्शनिझमचे तीन प्रकार कसे मांडले ते दिलं होतं. एकात माणूस स्वतःकडून निर्दोषपणा मागतो, दुसऱ्यात इतरांकडून. तिसऱ्यात त्याला वाटत राहतं की सगळं जगच आपल्याकडून तो मागतंय. ते पान मी तीनदा वाचलं. ‘परिपूर्णता’ शब्दात ‘री’ दीर्घ पडली होती, ती तिसऱ्या वाचनात दिसली. पहिल्या दोन वाचनांत कशी दिसली नाही याचा त्रास संध्याकाळपर्यंत पुरला.

दोन वर्षांपूर्वी हा किडा कामापुरता राहीना. गॅस बंद केला का हे बघायला स्टेशनच्या अर्ध्या वाटेवरून परत यायचं. पाठवलेली प्रुफं रात्री दोनला पुन्हा उघडायची. छातीत धडधड, तळहातांना घाम. शेवटी नाशिकला एका समुपदेशक बाईंकडे जायला लागले. त्यांनी आधी डॉक्टरांना दाखवून यायला सांगितलं आणि मग गृहपाठ दिला. रोज वीस मिनिटं आरशात बघून स्वतःचा चेहरा काढायचा, चांगला यायला पाहिजे असं काही नाही. ‘चांगला यायला पाहिजे असं काही नाही’ हे वाक्य मी तिथंच वहीत टिपून घेतलं आणि घरी आल्यावर सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहून काढलं.

आमच्या गावात स्वतःकडे बघायला लोक कुठून कुठून येतात. गोएंका गुरुजींच्या धम्मगिरीत १९७६ पासून विपश्यनेची शिबिरं चालतात. दहा दिवस मौन, वाचायचं नाही, लिहायचं नाही, वही-पेन आत न्यायचं नाही. खोडरबराचा तर प्रश्नच नाही. माझ्या घरापासून ते पायी जाण्याच्या अंतरावर आहे. मी अजून गेलेले नाही. दहा दिवस काही दुरुस्त न करता बसायचं म्हणजे काय याचा विचार केला तरी माझे हात शिवशिवतात.

तर फाल्गुनात मी कपाटाच्या आरशासमोर बसले. हवा कोरडी, कागद ताठ, पेन्सिल टोकदार. आणि डाव्या हाताशी हा खोडरबर. पहिल्या वीस मिनिटांत डावा डोळा काढला, सहा वेळा खोडला. दुसऱ्या दिवशी नाक. नाकानं आठवडा खाल्ला.

त्या दिवसांत त्याचा स्वभाव मला नीट कळला. तो कधी ‘चुकलं’ म्हणत नाही. असं बोलून माणसाचं मन मोडणाऱ्यातला तो नव्हेच. तो म्हणतो, ‘असू दे, अजून एकदा.’ रेघ ओढायच्या आधीच तो हाताशी सरकलेला असतो. एखाद्या घरी जेवायला बसलं की ताटात भात पडायच्या आधीच शेजारी पुसायचं फडकं घेऊन उभ्या राहणाऱ्या आत्याबाई असतात ना, तसा. सांडलेलं नसतं, पण सांडणार याची दोघांनाही खात्री. मग हात कापतो, आणि सांडतंच.

त्याचं काम कसं चालतं तेही सांगायला हवं, कारण त्यात त्याची बाजू आहे. पेन्सिलीत शिसं नसतं, ग्राफाइट असतं. त्याचे कण कागदाच्या तंतूंत अडकतात आणि त्याला आपण रेघ म्हणतो. रबर घासला की ते कण कागदापेक्षा रबराला जास्त धरतात. रबर आपल्या अंगाचा थर सोडतो आणि कण त्या चुऱ्यात गुंडाळून नेतो. म्हणजे माझं प्रत्येक नाक पुसताना तो स्वतः तेवढा संपत होता. पोट त्याचं सुटलेलं दिसतं ते खाऊन नव्हे, बाकीचा देह गेल्यामुळे. आणि इतकं करूनही रेघ जात नाहीच. ग्राफाइट जातं, दाब राहतो. रात्री टेबलावरच्या दिव्याखाली कागद आडवा धरला की अकरा नाकांच्या चऱ्या एकमेकींवर दिसायच्या. बिनरंगाच्या आणि खोल.

चैत्र-वैशाखात मी चेहऱ्यांचे पन्नासेक कागद केले. त्यातल्या एकावरही पुरा चेहरा नव्हता.

हे सारं कुठून आलं ते मला माहीत आहे. बाईंना सांगायला मला चार बैठका लागल्या, इथं तेवढी जागा नाही. माझे वडील थळ घाटात बँकर इंजिनावर होते. कसाऱ्याहून इगतपुरीकडे येणारी गाडी ज्या चढावर चढते तो ३७ ला १ असा आहे, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की १ फूट वर. पुढच्या इंजिनाला एकट्याला तो झेपत नाही. म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागं बँकर लावायचे, ते गाडी ढकलत वर आणायचे आणि इगतपुरीला सुटे व्हायचे. इगतपुरीला तेव्हा विजेची जातही बदलायची. मुंबईकडून १५०० व्होल्टची डीसी, पुढे २५ हजार व्होल्टची एसी. त्यामुळे इंजिन बदलेपर्यंत गाड्या उभ्या राहायच्या आणि फलाटावर वडे खपायचे. आम्ही रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. घरात फोन नव्हता. ड्यूटी लागली की कॉलबॉय यायचा. रात्री एकला, दोनला, पावसात, एका हातात कंदील आणि दुसऱ्या हातात सही घ्यायची वही प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. त्याची दारावरची थाप माझ्या अंगात अजून आहे. बाबा सही करून निघून जायचे आणि मी घाटाकडे कान लावून पडून राहायची. घाटात दरड यायची. कधी कुणाच्या घरी कुणी उशिरा यायचं.

तेव्हा मी एक नियम करून टाकला. कुणी शिकवला नाही. चित्रकलेच्या वहीतलं पान एकही रेघ बाहेर न जाता पुरं झालं, तर बाबा नीट परत येतात. रेघ बाहेर गेली तर खोडायची, पण ती पुरती जायला हवी, खूण राहिली तर चालायचं नाही. त्या काळचा खोडरबर निम्मा लाल, निम्मा निळा. निळ्या बाजूनं शाई खोडते असं सगळी पोरं सांगायची. त्या बाजूनं शाई जात नव्हती, कागद जायचा. वहीला भोक पडलं की मी पोटात गोळा घेऊन पहाटेपर्यंत जागी. खोडरबर लवकर संपायचे आणि रोज नवा मागायची सोय नव्हती, म्हणून पेन्सिलीची सालं दुधात भिजत घातली की रबर तयार होतं या वर्गातल्या शास्त्रावर विश्वास ठेवून मी वाटीभर दूध चुलीमागं लपवलं होतं. चौथ्या दिवशी आईला वास आला. रबर झालं नव्हतं.

बाबा दर वेळी परत आले. त्यामुळे नियम खोटा ठरायची संधीच मिळाली नाही.

मागं पेन्सिल आणि पुढं रबर, किंवा उलट, अशी एकत्र बांधलेली पेन्सिल मिळते, तिच्याकडे बघून मला नेहमी बँकरची आठवण होते. १८५८ साली हायमन लिपमन नावाच्या अमेरिकन गृहस्थानं तिचं पेटंट घेतलं. पुढे भांडण तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १८७५ मध्ये न्यायालयानं पेटंट मोडीत काढलं. पेन्सिल पेन्सिलीचं काम करते, रबर रबराचं. दोन्ही एकत्र जोडल्यानं तिसरं काही घडत नाही, असं त्यांचं म्हणणं. न्यायमूर्तींनी थळ घाट पाहिला नसावा. दोन इंजिनं दोन टोकांना लावल्याशिवाय जी गाडी हलत नाही तिच्याबद्दल त्यांचं काय मत पडलं असतं? मात्र एका बाबतीत ते बरोबर होते. बँकर मागं असला तरी ढकलतो पुढेच. पेन्सिलीच्या मागं बसलेला हा गृहस्थ सगळी गाडी कसाऱ्याला परत नेतो.

मग ज्येष्ठ संपला.

इगतपुरीचा पाऊस ज्यांनी पाहिला नाही त्यांना आकडा सांगून उपयोग नाही, तरी सांगते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे, आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. ढग घरात येऊन बसतात. मिठाला पाणी सुटतं, काडी ओढली की गुल निघून येतो, दारं फुगतात, चपलांवर बुरशी. कपाटात बल्ब पेटवून ठेवला नाही तर साड्यांना कुबट वास. कागदाचं तर विचारूच नका. प्रुफं मी लोखंडी पेटीत ठेवते, तरी ती कापडासारखी लोंबतात.

आषाढाच्या दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखं नाक काढलं, ते तिरकं आलं, आणि हा पुढे सरसावला. एक हात फिरवला, तर नाकाचा काळा ढग झाला. दुसरा फिरवला, तर कागदाची लव उठली. सर्द कागदाचे तंतू फुगलेले असतात, एकमेकांना घट्ट धरून नसतात. ते ग्राफाइट सोडत नाहीत, स्वतःच सुटून येतात. तिसऱ्या हाताला कागदाची गुंडाळी त्याच्या पोटाखाली लोळायला लागली. त्याच्या तोंडावर मी पहिल्यांदा लाज पाहिली. इतक्या वर्षांचा मुरलेला कारभारी, आणि भर कचेरीत त्याला सही येईना.

बाईंनी खोडरबराबद्दल मला काहीच सांगितलं नव्हतं. ते काम पावसानं केलं.

मी सहजी ऐकलं असं नाही. रबर निकामी झाला तर दुसरं काही, म्हणून पावाकडे वळले. १७७० मध्ये इंग्लंडात जोसेफ प्रीस्टली यांनी पेन्सिलीच्या खुणा पुसायला उत्तम अशा एका पदार्थाची नोंद केली. एडवर्ड नेर्न नावाचे उपकरणकार त्याचे चौकोनी तुकडे विकत होते. घासायचा म्हणून त्याला इंग्रजीत ‘रबर’ नाव पडलं. त्याआधी लोक पावाचा मऊ गर वापरत. आमच्या गावात पावाला तोटा नाही. वड्यासोबत आलेल्या जोडीतला एक पाव बाजूला ठेवला, गर काढून त्याची गोळी केली आणि गालावर टेकवली. खरंच, सर्द कागदावर पाव बरा चालतो. घासायचा नाही, टिपायचा. मला जग जिंकल्यासारखं झालं. कागद पेटीत ठेवला. आठ दिवसांनी काढला, तर माझ्या डाव्या गालावर पावाचे कण राहिले होते त्या त्या जागी हिरवट करडी बुरशी आलेली. हनुवटीपर्यंत उतरलेली, मऊ, मखमली.

बाबांना दाखवलं. ते आता ऐंशीचे आहेत, आमच्याकडेच असतात. त्यांनी चष्मा वर करून निरखून बघितलं.

‘दाढी छान आलीये,’ म्हणाले.

मी पन्नाशीची बाई. पण तो कागद टाकवेना. माझ्या सगळ्या चेहऱ्यांत तो पहिला पुरा झालेला होता, आणि त्यातलं निम्मं काम मी केलेलं नव्हतं.

त्यानंतर मी खोडरबर कंपासपेटीत बंद केला आणि पेन घेतलं. शाई. किमॉन निकोलाइडीस या अमेरिकन कलाशिक्षकाचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १९४१ मध्ये निघालं. त्यात एक सराव आहे. डोळा वस्तूच्या कडेवरून मुंगीच्या चालीनं न्यायचा, हात त्याच्यासोबत, आणि कागदाकडे बघायचं नाही. लेकीनं तो मला फोनवर समजावला. ‘आई, खाली बघायचं नाही हं. बघितलंस तर बाद.’ मी आरशात बघत भुवईवरून निघाले आणि कानापाशी पोचले तेव्हा हात टेबलावर लिहीत होता. कागदावर जे होतं त्याला दोन्ही डोळे एकाच बाजूला होते. पण कपाळावरची आठी अशी पडली होती की कॉलबॉयची थाप ऐकू यावी. ती आठी मी तीन महिने खोडत होते. मला वाटत होतं, ती पेन्सिलीची चूक आहे.

त्या रात्री जेवताना बाबांना विचारलं, ‘घाटात तुम्हाला भीती वाटायची का हो?’

‘भीती कसली? मागच्या इंजिनात बसल्यावर पुढचं दिसतंय कुणाला? समोर ब्रेकव्हॅनची पाठ. पुढच्यानं शिट्टी दिली की आपण द्यायची आणि ढकलायचं.’ मग भाताला हात लावून म्हणाले, ‘तू जागी असायचीस ते कळायचं. येताना खिडकीत दिवा दिसायचा.’

मी उठून पाणी आणायला गेले.

श्रावणात एकदा मुंबईला जायचं होतं, पंचवटी एक्स्प्रेसनं. उतरणीला लागण्याआधी इगतपुरीला गाडीचे ब्रेक बघतात, तेवढ्यात खिडकीची जागा मिळाली. पावसामुळे काचा खाली. घाटात बोगदे लागतात, आणि बोगद्यात गाडी शिरली की बाहेरचं हिरवं विझतं, डब्यातला दिवा काचेवर येतो आणि काचेत आपण. बोगदा संपला की आपण नाही. मी मांडीवर वही उघडली. नियम साधा, अंधार होताच पेन टेकवायचं, उजेड होताच उचलायचं. पहिल्या बोगद्यात कपाळ आणि अर्धा कान. दुसरा आखूड निघाला, त्यात नुसती नाकपुडी. समोरचे पासवाले काका बराच वेळ बघत होते. शेवटी राहवलं नाही त्यांना. ‘ताई, सासरे का?’ म्हणाले. मी हो म्हटलं.

खोडरबर पर्समध्ये होता. सवयीनं ठेवलेला. कसारा येईपर्यंत त्याची आठवण झाली नाही, आणि कसाऱ्याला झाली तेव्हा गॅस बंद केला का हेही आठवलं. म्हणजे बरी बिरी झाले असं कुणी समजू नये.

त्याच सुमारास लेकीनं फ्रँक ऑअरबाख यांची चित्रं दाखवली. १९३९ मध्ये आठ वर्षांचं व्हायच्या आत आईबापांनी त्यांना बर्लिनहून इंग्लंडला पाठवलं. मागं राहिलेले आईबाप नाझींच्या छळछावणीत गेले. ते परत आले नाहीत. ऑअरबाख पुढे लंडनचे मोठे चित्रकार झाले. कोळशानं एकेक चेहरा महिनोन्महिने काढत. आज काढलेला उद्या पुसायचा, त्यावर पुन्हा. कागद फाटला की ठिगळ लावायचं आणि पुढे चालायचं. १९५८ चं त्यांचं आत्मचित्र आहे, त्यात ठिगळाच्या कडा उघड दिसतात. मी त्या कडा मोठ्या करून पुन्हा पुन्हा बघितल्या. माझ्यापेक्षा जास्त खोडणारा माणूस मला पहिल्यांदा भेटत होता, आणि त्यानं भोक लपवलं नव्हतं. रॉबर्ट राउशेनबर्गची गोष्ट लेकीनंच सांगितली. १९५३ मध्ये त्यानं विलेम डी कूनिंग या ज्येष्ठ चित्रकाराकडून एक चित्र मागून घेतलं आणि काही आठवडे खपून ते खोडलं. खोडलेला कागद चौकटीत बसवून संग्रहालयात आहे. आधी त्यानं स्वतःची चित्रं खोडून पाहिली होती, पण त्यात काही राम नाही असं त्याला वाटलं. इथं मी मोठ्यानं हसले. हा राम मी फाल्गुनापासून शोधत होते.

कोळशाच्या कांड्या मागवल्या. एक मोठा कागद पुरा काळा केला, सर्द कागदावर कोळसा पिठासारखा बसतो, आणि पेटीतून खोडरबर बाहेर काढला. आता काढायचं काम याचं. काळ्यातून उजेड उचलायचा, जिथं कपाळ तिथं पुसायचं, जिथं गाल तिथं पुसायचं. मला वाटलं, म्हातारपणी याला मान मिळतोय. पण ओल सुटली नव्हती. याच्या पोटाखालून पांढरं काही निघेना, निघालं ते राखी. कपाळ राखी, नाक राखी, मागची भिंत राखी. आमच्या घाटात सकाळी नऊला दिवे लावून गाड्या येतात तेव्हा जसं दिसतं तसं सगळं. कुठं चेहरा संपतो आणि कुठं ढग लागतो कळत नव्हतं. वीस मिनिटं झाली, गजर वाजला, मी थांबले. थांबले, एवढंच लिहिते. हे मला जमत नसे.

प्रभाकर बरवे यांच्या चित्रांत पान, घड्याळ, किल्ली, पिन असल्या वस्तू माणसांसारख्या एकेकट्या उभ्या असतात. भाद्रपदात एकदा मीही आरशाऐवजी टेबलाकडे बघितलं आणि चेहऱ्याच्या जागी खोडरबराचंच चित्र काढलं, पेन्सिलीनं. उतरलेला खांदा, सात भोकं, उलटे आकडे. खांदा जरा जास्त उतरला. हात आपोआप त्याच्याकडे गेला आणि मधेच अडला. त्याचंच अंग त्यालाच खोडायला लावायचं, या विचारानं मला कसंसंच झालं. बाईंना तो कागद दाखवला. त्यांनी विचारलं, ‘हे कोण?’ मी म्हटलं, ‘मीच की.’ त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं ते उलट्या बाजूनं वाचायचा मी खूप प्रयत्न केला, कारण त्यांची एक वेलांटी मला चुकलेली दिसत होती.

आता ऑक्टोबर लागलाय. उन्हं कडक, दारं पुन्हा चौकटीत बसायला लागली. पेटीतले कागद वाळून वाकडे झालेत, पण ताठ आहेत. काल सहज एका जुन्या कागदाच्या कोपऱ्यावर रेघ ओढली आणि याला फिरवला. रेघ गेली. स्वच्छ. चुरा टेबलावर, याचं पोट किंचित चकचकीत. मान ताठ करून माझ्याकडे बघत होता. चार महिन्यांची रजा संपवून हजर.

मी त्याला ताबडतोब पेटीत टाकणार होते, पण आत नवी पट्टी होती. म्हणून पंचवटीतल्या वहीचं ते पान घेतलं, कपाळ, कान आणि नाकपुडीचं. तीन बोटं रुंद पट्टी कापली, याच्याभोवती गुंडाळली आणि मागून डिंक लावला. सदरा अंगाला बरोबर बसला. पुढच्या बाजूला अर्धा कान आलाय, कुशीला कपाळाची आठी. उलटे आकडे झाकले गेले. वापरेन तसा तो झिजेल आणि सदरा वरून थोडा थोडा कापावा लागेल. मोजून पाहिलं, आधी कान जाईल. आठीला वेळ आहे.